उंबऱ्याशी बसलेल्या दोघी

राई आणि मोहरी घरात आल्या तेव्हा त्यांना घर दाखवावं लागलं नाही. नऊ आठवड्यांची मांजरीची पिल्लं, या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. पण टोपलीचं झाकण उघडल्याबरोबर राई तडक स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या फटीपाशी बसली. मामलेदाराची ताटली तिथंच असायची. मोहरीनं बैठकीच्या खिडकीतला कट्टा गाठला. त्या कट्ट्यावर साडेदहाला ऊन येतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"बघा ताई," पिल्लं घेऊन आलेल्या सहवास केंद्राच्या डॉक्टर नाझनीन मुजावर म्हणाल्या, "पाच मिनिटं आधीच जागा धरली."

ऋजुता हसली, आणि त्याच वेळी तिला रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळं तिला ठसका लागला. डॉक्टरांनीच स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं.

मामलेदार हा तिचा गेलेला बोका. करडा, पट्टेवाला, अंगानं थोराड. घरात आलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक खोकं आणि प्रत्येक पाहुणा तपासून झाल्याशिवाय तो कुणाला पुढं सोडायचा नाही, म्हणून हे नाव. बारा वर्षं त्यानं ऋजुताचं घर आपल्या अमलाखाली ठेवलं. ऋजुता एकटीच राहायची. मिरजेत तंबोऱ्यांच्या जवाऱ्या लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तारेखालचा दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवायचा आणि तार गुंजायला लागेपर्यंत कान देऊन बसायचं, हा तिचा उद्योग. त्या वेळी मामलेदार शेजारच्या कोऱ्या भोपळ्यात शिरून झोपायचा. तार नीट लागली नाही तर तो कान फडफडवतो, असं ती गिऱ्हाइकांना शपथेवर सांगायची.

सवयरोपण हे त्या काळी मिरजेत काही अप्रूप राहिलं नव्हतं. पूर्वीची माणसं बिचारी गेलेल्या कुत्र्या-मांजरांचे फोटो लावून बसायची. आता लोक दोन दिवस रडायचे आणि तिसऱ्या दिवशी सहवास केंद्राकडून नवं पिल्लू कधी मिळेल याची चौकशी करायचे. त्यामागचं शास्त्र तसं समजायला सोपं आहे. एखादा प्राणी एकाच जागी, एकाच वेळी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या काही पेशींमधल्या वाटा रुळतात. त्या वाटा रुळलेल्या राहाव्यात म्हणून पेशी अगदी सूक्ष्म असे काही रेणू तयार करत राहतात. प्राणी गेल्यावर सहा तासांच्या आत हे रेणू काढून घेतले, शुद्ध केले आणि सहा आठवड्यांच्या पिल्लाला टोचले, तर त्याच्या कोवळ्या मेंदूत त्याच वाटा उमटतात. बागेतलं रोप उचलून दुसऱ्या वाफ्यात लावावं तशी ही सवयींची लावणी, म्हणून सवयरोपण.

मामलेदाराला मूत्रपिंडाचा आजार जडला तेव्हाच ऋजुतानं केंद्रात जाऊन नाव नोंदवलं होतं. पहिल्याच भेटीत तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, "म्हणजे मामलेदारच परत येणार?"

"नाही ताई. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चेहरे जात नाहीत, माणसं जात नाहीत. फक्त जागा, वेळ, आवाज आणि त्यांच्याबरोबर येणारी भावना, एवढंच जातं." समोरच्या बाईचा धंदा त्यांना आठवला असावा. "तुमच्या भाषेत सांगू? गाणं जात नाही, जवारी जाते. तार नवी असते, पण गुंजते जुन्यासारखी."

ऋजुताला ते लख्ख कळलं. तिनं सही केली. मामलेदाराच्या गळ्यात केंद्राचा पट्टा आला. हृदय थांबलं की हा पट्टा केंद्राला वर्दी द्यायचा. केंद्राचा एक नियमही तिला मान्य करावा लागला. एकटं पिल्लू नव्या घरात झुरतं, म्हणून ते जोडीनंच देतात. तेव्हा एका मामलेदाराच्या बदल्यात या दोघी बहिणी आल्या. दोघी सारख्याच काळ्याभोर आणि चिमूटभर, म्हणून राई आणि मोहरी.

पहिले दोन दिवस सणासारखे गेले. दोघी बरोबर सातला ताटलीपाशी हजर. दोघी भोपळ्यात शिरून झोपल्या. शेजारच्या आवटी वहिनी बघायला आल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई, चालतात पण त्याच्यासारख्या की गं!"

तिसऱ्या दिवशी ऋजुताच्या लक्षात आलं, की खाणं, ऊन आणि झोप सोडली तर उरलेला सगळा वेळ त्या दोघी एकाच जागी असतात. दाराशी. चपलांच्या स्टँडशेजारी, पायपुसण्यावर, बंद दाराकडं तोंड करून शेजारी शेजारी बसलेल्या. जिन्यात पाऊल वाजलं की चारही कान ताठ व्हायचे. पाऊल पुढं निघून गेलं की कान हळूहळू खाली यायचे.

त्यांना बाहेर जायचं असेल, असं तिला वाटलं. तिनं दार उघडलं. दोघींनी मान वाकडी करून जिन्याकडं पाहिलं, पण उंबरा ओलांडला नाही. तिनं हाका मारल्या, दोरा नाचवला, सुकटीचा डबा वाजवला. राई आली, दोन तुकडे खाल्ले आणि पुन्हा जाऊन बसली. ऋजुता मागं सतरंजीवर बसून त्या दोन पाठींकडं बघत राहिली. घरात माणूस असताना मांजरं कुणाची वाट बघतात, हे तिला कळेना. खरं म्हणजे कळत होतं. तिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी डॉक्टर आल्या. त्यांनी अर्धा तास नुसतं निरीक्षण केलं. मग म्हणाल्या, "ताई, एक करा. बाहेर जा, कुलूप लावा आणि खाली जाऊन परत या. मी आत थांबते."

ऋजुता दोन मिनिटांनी परत आली. तिनं किल्ली कुलपात घातली मात्र, आतून एकदम दोन आवाज उठले. दार उघडलं तर दोघी शेपट्या उभारून तिच्या पायांत. अंग घासणं, घुरघुरणं, मागच्या पायांवर उभं राहून गुडघ्याला धरणं. मामलेदार हुबेहूब असाच यायचा. तिचे डोळे भरून आले. ती खाली वाकणार तेवढ्यात दोघींनी मान वर करून तिच्या तोंडाकडं पाहिलं. घुरघुर थांबली. मग तिच्या पायांच्या बाजूनं वाकून त्यांनी जिन्यात पाहिलं, मागून आणखी कुणी येतंय का ते, आणि दोघी मुकाट्यानं पायपुसण्यावर जाऊन बसल्या.

"अकरा सेकंद," डॉक्टर घड्याळ बघत म्हणाल्या. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मामलेदाराचे शेवटचे दिवस कसे गेले?"

"मी धारवाडला होते. संगीतसभा होती, तंबोरे लावायचे होते. काम लांबलं." हे वाक्य ऋजुतानं इतक्या जणांना सांगितलं होतं, की ते आता आपोआप यायचं. "आवटी वहिनी खाऊपिऊ घालायच्या. झोपेतच गेला तो, त्याच्या गादीवर."

"किती दिवस होता तुम्ही बाहेर?"

"नऊ."

डॉक्टरांनी मान हलवली. "शेवटच्या दिवसांत जी गोष्ट सारखी घडली असेल तिची वाट सर्वांत ताजी असते ताई, आणि सर्वांत खोल. कुलपाचा आवाज आला की आनंद, ही त्याची बारा वर्षांची सवय. ती यांच्यात उतरली. पण दार उघडल्यावर आत येणारं माणूस आपलं नव्हे, हे त्यानं नऊ दिवसांत अनेकदा पाहिलं. तेही उतरलं. चेहरा जात नाही, हे मी तुम्हाला म्हटलं होतं. कुणाची वाट बघायची हे यांना ठाऊक नाही. दारातून येणारं माणूस ते नव्हे, एवढंच ठाऊक आहे."

"पण मी तर आलेय," ऋजुता म्हणाली.



आता खरं काय ते सांगायला हवं. धारवाडचं काम लांबलं नव्हतं. ते चौथ्या दिवशी दुपारीच संपलं होतं. चौदा महिने ऋजुता दिवसाआड मामलेदाराच्या मानेखाली सुई टोचून सलाईन देत होती, औषधाची गोळी लोण्यात लपवत होती, त्याच्या पाण्याच्या भांड्यावर खुणा करून तो किती प्यायला ते बघत होती. त्या चार दिवसांत ती प्रथमच उजाडल्यावर उठली. जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, कारवारला समुद्रावर जाऊ. ती गेली. पाच दिवस राहिली, मासे खाल्ले, पत्ते खेळली, पोट दुखेपर्यंत हसली. सलाईन द्यायला येणाऱ्या कंपाउंडरला तिनं चौथ्या दिवसापर्यंतच सांगितलं होतं. एक फोन केला असता तर तो पुढंही आला असता. पण तो त्यांच्याच गल्लीत राहायचा, आवटी वहिनींच्या रोजच्या ओळखीतला. फोन केला की प्रश्न आले, आणि प्रश्न आले की उत्तरं. चार-पाच दिवसांनी काय बिघडतंय, असं तिनं मनाला समजावलं आणि तेवढ्यावर गाढ झोपली. नवव्या दिवशी मामलेदार गेला.

डॉक्टर गेल्यावर ती आवटी वहिनींकडं गेली. वहिनी मेथी निवडत होत्या.

"वहिनी, मामलेदार कुठं गेला हो? खरं सांगा. गादीवर नव्हता ना?"

"आता कशाला उकरतीस ते?"

"सांगा."

"दाराशीच गं. चपलांपाशी." वहिनींनी एक काडी उगाचच मोडली. "तू गेलीस त्या दिवसापासून तिथंच बसायचा. मी कुलूप काढलं की असा पळत यायचा, मला बघितलं की परत जाऊन बसायचा. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. पाचव्या दिवसापास्नं खाणं सोडलंन्. मी गादी उचलून दारात आणून घातली, तर गादीवरही बसला नाही. तुझी ती जुनी चप्पल होती की, तिच्यावर मान टाकून पडायचा."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू तिकडं कामात अडकलेली. पोटासाठी गेलेल्या माणसाला कशाला जिवाला घोर लावायचा? म्हटलं, त्याच्या नशिबात होतं ते झालं, तू तरी शांत राहा."

हे ऐकून ऋजुताला शरमेनं मान वर करवेना. वहिनींनी आपल्यावर ओरडावं, हातातली जुडी फेकून मारावी, असं तिला वाटलं. वहिनींनी तिला चहा करून दिला आणि तो ती प्यायलीही. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "लई जीव लावलास गं त्याला," आणि उघडलेलं तोंड तिनं मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं. कारवार, पत्ते, कंपाउंडर, सगळं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

"यावर काही उपाय?"

"आहे. पुसण म्हणतो आम्ही त्याला. एकच इंजेक्शन. रोपलेल्या सगळ्या वाटा मिटतात. पण ते बारा आठवडे पूर्ण व्हायच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर मेंदू घट्ट होतो आणि वाटा कायमच्या होतात. तुमच्या पिल्लांची मुदत या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी संपते. दुपारी एकपर्यंत."

"आणि नाही दिलं तर?"

"तर त्या चौदा-पंधरा वर्षं दाराशी बसतील."

"दिलं तर?"

"साधी मांजरं होतील. उन्हाची जागा त्यांची त्या शोधतील. तुम्हाला ओळखतील, तुमच्या मांडीवर झोपतील. मामलेदाराचं मात्र काही उरणार नाही. दुसरा नमुना नसतो ताई, सगळा यांच्यातच वापरला."

ऋजुतानं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग तिनं विचारलं, "त्याला माझा राग आला होता का हो? ते कळतं का तुम्हाला?"

"रेणूंवरून थोडंफार कळतं. राग नव्हता. भीतीही फारशी नव्हती. प्रत्येक वेळी कुलूप वाजलं की त्याला नव्यानं खात्री वाटायची, की आता तुम्हीच."

"रागावला असता तर बरं झालं असतं," ऋजुता म्हणाली. "बुधवारी दोघींना घेऊन येते."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. मधले दोन आठवडे ती घराबाहेर पडली नाही. दार वाजलं की पिल्लांना उगाच आशा लागते, म्हणून भाजी खिडकीतून दोरीनं ओढून घेतली, तंबोरे परत पाठवले, आवटी वहिनींनाही येऊ नका म्हणाली. दिवसभर ती दाराशी बसलेल्या दोघींच्या मागं बसायची. कधी राईच्या पाठीवरून हात फिरवायची. राई फिरवू द्यायची, पण नजर दारावरच. या लेकरांचा यात काय दोष, असं तिला राहून राहून वाटायचं. दुसऱ्याच्या वाट्याची वाट बघणं त्यांच्या कपाळी मारलं होतं आणि ते मारणारी ती होती. पुसून टाकायचं, आणि मामलेदार कायमचा गेला तर तीच आपली शिक्षा, हे तिनं पक्कं केलं होतं.

बुधवारी सकाळी दहाला तिनं रिक्षा सांगितली. टोपली पुसून दाराशी ठेवली. खालून हॉर्न वाजला तेव्हा रिक्षावाल्याला दोन मिनिटं थांब म्हणावं, म्हणून ती खाली गेली. जाताना सवयीनं कुलूप लावलं. वर येऊन तिनं किल्ली फिरवली.

आतून ते दोन आवाज आले.

दोन आठवडे तिनं ते ऐकले नव्हते. दार उघडलं आणि दोघी तिच्या अंगावर आल्या. ती मटकन उंबऱ्यातच बसली. मोहरी तिच्या मांडीवर चढली, राईनं कपाळ तिच्या हनुवटीला लावलं. "आले रे राजा, आले," ती म्हणाली. कारवारहून निघाल्यापासून हे वाक्य तिच्या घशात अडकून बसलं होतं. तेवढ्या वेळात ती वेळेवर परत आलेली बाई होती. धारवाडचं काम संपवून चौथ्या दिवशीच घरी आलेली. तिनं काही बिघडवलेलं नव्हतं आणि कुणी तिची वाट बघत मेलेलं नव्हतं.

मग दोघींनी वर पाहिलं, आणि मांडीवरून उतरून जिन्याकडं वाकून बघू लागल्या.

टोपली शेजारीच होती. हात लांब केला की दोघी टोपलीत. ऋजुता उठली, बाहेर गेली आणि कुलूप लावून जिन्यात उभी राहिली. एकदाच, असं तिनं स्वतःला बजावलं. त्या अकरा सेकंदांचा शेवटचा निरोप घ्यायचा आणि निघायचं.

किल्ली, आवाज, शेपट्या, कपाळ. मग त्या नजरा.

साडेअकरापर्यंत ती सात वेळा बाहेर जाऊन आली. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि निघून गेला. आपण काय करतोय ते तिला पुरतं ठाऊक होतं. प्रत्येक वेळी किल्ली फिरवताना ती त्या दोन जिवांना पुन्हा एकदा फसवत होती. तिला स्वतःची किळस आली, तरी पाय आपसूक उंबऱ्याबाहेर पडत होते. आठव्या वेळी ती जिन्यात जरा जास्तच थांबली, कारण वरच्या मजल्यावरचे पानसे उतरत होते आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलावे लागले. पंधरा मिनिटं गेली. ती आत आली तेव्हा दोघींचा आनंद नेहमीपेक्षा जास्त टिकला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं होतं. सोळा सेकंद.

ती लगेच बाहेर गेली आणि या वेळी अर्धा तास थांबली. तेवीस.

जितकी वाट बघायला लावावी तितकं स्वागत मोठं होतं. हे काही नवं शास्त्र नव्हतं. लांब गेलेल्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक असतं. पण मुठीतल्या किल्लीकडं बघताना ऋजुताला ते प्रथमच कळल्यासारखं वाटलं.

साडेबाराला ती पुन्हा जिन्यात येऊन बसली. पाऊण वाजता घरात फोन वाजला. केंद्रातूनच असणार. अजून वेळ होता. दुसरी रिक्षा मिळाली असती, केंद्र काही लांब नव्हतं, डॉक्टर दहा मिनिटं थांबल्याही असत्या. फोन बराच वेळ वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला. कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. एक वाजला.

दाराआड सगळं गप्प होतं. दोन जिवांचे कान त्या दाराला लागलेले आहेत हे तिला माहीत होतं, आणि आता ते आयुष्यभर लागलेले राहणार हेही. ती रडत होती. उठून आत जावं, त्यांना पोटाशी धरावं, असं तिच्या मनात दाटून येत होतं. आत्ता गेलं तर तेवीस सेकंद मिळतील. दिवेलागणीला गेलं तर मिनिटभर तरी मिळेल.

ऋजुतानं पदरानं तोंड पुसलं आणि ती एक पायरी खाली सरकून भिंतीला टेकून नीट बसली.